बुटातला खडा

मी धापा टाकत वळण चढून वर आले, तेव्हा सगळे उठून कपड्यांची धूळ झटकत होते. वाईकर सरांनी घड्याळात पाहिलं, "आले सगळे, चला," म्हणाले आणि रांग पुढे निघाली. मी पाण्याची बाटली नुसती पिशवीतून काढली होती. ती तशीच हातात धरून मीही चालायला लागले.

यात कुणाची चूक नव्हती. भरभर चालणारे पुढे जाऊन सावलीत बसत, चिक्की खात, गप्पा मारत. मागचं माणूस पोचलं की त्यांचं वाट बघणं संपे आणि ते उठत. म्हणजे जे दमलेले नसत त्यांना वीस मिनिटं मिळत, आणि जी दमून मेटाकुटीला आलेली असे तिला बाटलीचं झाकण उघडण्यापुरता वेळ. त्या पहिल्या रविवारी हे तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"ताई, जरा थांबता का?" मागून आवाज आला. "बुटात खडा गेलाय."

भोईटे काका एका दगडावर टेकले. त्रेसष्ट वर्षांचे, काटकुळे, डोक्याला मफलर, पाठीवर फुगलेली खाकी पिशवी. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून तीस वर्षं तारांच्या मागे डोंगर तुडवून ते निवृत्त झाले होते. त्यांनी बुटाची नाडी सावकाश सोडली. बूट काढला, उपडा केला, दोनदा आपटला, आत हात घालून चाचपलं. मग मोजा काढून तोही झटकला. अखेर चिमटीत एक बारका खडा धरून त्यांनी मला दाखवला.

"ह्यो बघा. केवढासा हाय, पर चालू देत न्हाई."

तोवर माझा श्वास जागेवर आला होता आणि अर्धी बाटली पिऊन झाली होती. खडा दूर कुठं भिरकावण्याऐवजी त्यांनी तो खिशात टाकला, हे मी पाहिलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मी या भानगडीत पडले ती पद्मामुळे. पद्मा शहाणे आणि मी साताऱ्याच्या सर्व्हे ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. गावागावांचे, डोंगरांचे, ओढ्यांचे नकाशे आम्ही दिवसभर काढून द्यायचो आणि परत कपाटात ठेवायचो. त्यातल्या एकाही डोंगरावर मी गेले नव्हते. चव्वेचाळीस वर्षांची होते मी. त्यातली शेवटची सहा वर्षं अण्णांच्या पलंगाशेजारी गेली होती. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आई आधीच गेलेली, भाऊ पुण्यात, आणि माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे घरात करणारी कोण हा प्रश्नच नव्हता. त्या ऑगस्टात अण्णा गेले. तेराव्याला आलेल्या बायकांपैकी निम्म्याजणी माझा हात दाबून "सुटलीस बाई" म्हणाल्या. सुटले म्हणजे काय झालं ते मला कळत नव्हतं. ऑफिसातून घरी यायचे, चपला काढायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. दुसरं माणूस उठवायचं नव्हतं, कूस बदलायची नव्हती, भरवायचं नव्हतं, आणि तरी मी आधीपेक्षा जास्त दमलेली असायचे.

पद्माला ते बघवेना. तिनं न विचारता माझं नाव मंडळात घातलं. 'रविवार भटके मंडळ' असं साधंसं नाव होतं. त्याला कचेरी नव्हती, पगारी माणूस नव्हता. जो तो आपल्या हौसेनं एकेक काम उचलायचा. शुक्रवारी संध्याकाळी वाईकर सरांच्या ओट्यावर फळा मांडला जायचा आणि त्यावर रविवारचं लिहिलं जायचं: दोर कुणाकडे, औषधं कुणाकडे, चहाचं सामान कुणाकडे. वाईकर सर शाळेत पीटी शिकवायचे आणि मंडळालाही शाळेसारखंच चालवायचे. फळ्यावर सगळ्यात खाली एक नाव कायमचं लिहिलेलं होतं, ते पुसायची कुणाला गरज पडत नसे. 'शेपूट: भोईटे'.

शेपूट म्हणजे रांगेतलं शेवटचं माणूस. मंडळाचा पहिला नियम तोच. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही आणि शेपटानं कुणाच्या पुढे जायचं नाही. जादा पाणी, औषधांची डबी, गूळ-शेंगदाणे आणि शिटी त्याच्याकडे. नव्या माणसानं पहिले काही रविवार शेपटाच्या जवळ चालायचं, हा दुसरा नियम. त्यामुळे मी आणि भोईटे काका एकमेकांच्या वाट्याला आलो.

खरं सांगायचं तर मला ते आवडले होते. फार बोलायचे नाहीत. बोलले तर खांबांबद्दल बोलायचे. समोरच्या डोंगरधारेवर बोट करून सांगायचे, तिथून आमची लाइन जायची, एकदा पावसाळ्यात तीन दिवस मी नि एक गडी तिथंच अडकून पडलो, खायला फक्त बाजरीची भाकरी. घरी मुलगा-सून होते, काकू होत्या, पण रविवार सोडला तर ते कुठं जात नसत. "सोमवारपास्नं मी शुक्रवारची वाट बघतो," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मला ते ऐकून हसू आलं होतं. मी कशाचीच वाट बघत नव्हते.

दुसऱ्या खेपेला त्यांच्या बुटात पुन्हा खडा गेला. एकदा नाही, तीनदा. मधूनच एखादा पक्षी दाखवायला ते थांबले, जो मला काही दिसला नाही. एकदा पिशवीत काहीतरी टोचतंय म्हणून त्यांनी सगळी पिशवी रिकामी करून परत भरली. उतरताना पद्मा माझ्याबरोबर होती. मी तिला म्हटलं, काकांना कुणीतरी चांगले बूट घेऊन द्यायला हवेत. पद्मा इतकी हसली की तिला कातळाला धरून उभं राहावं लागलं.

"अगं इंदू, काकांच्या बुटात आजवर जेवढे खडे गेलेत ना, तेवढ्यात गडाला नवी तटबंदी झाली असती."

मग तिनं सांगितलं. खडाबिडा काही नसतो. मागचा माणूस दमला की काका असं काहीतरी काढून बसतात, म्हणजे त्याला लाज न वाटता विश्रांती मिळते. मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या वेळी पण केलं होतं, पद्मा म्हणाली, मी तर त्यांच्या जिवावर वर्ष काढलं.

तिला ते गोड वाटत होतं. मला काय वाटलं ते मी तिला सांगितलं नाही. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. म्हणजे दोन रविवार सगळी मंडळी वर बसून हसत असणार. आज काकांचे खडे किती? साबळेबाईंसाठी पाच.

आणि याहून वाईट म्हणजे, हा डाव मला नवा नव्हता. अण्णांना वॉकर धरून ओसरीत चालवायचे तेव्हा मी हेच करायचे. सात-आठ पावलांवर त्यांचा श्वास चिरकायला लागे. थांबा म्हटलं तर चिडत. कोर्टात बेलिफ म्हणून उभा जिल्हा पायी फिरलेला माणूस, "मी दमलो" हे शब्द त्यांच्या तोंडात बसत नसत. म्हणून मी म्हणायचे, "अण्णा, थांबा जरा, माझी चप्पल निसटली." वाकून चप्पल नीट करायचे. कान मात्र त्यांच्या श्वासावर. तो जागेवर आला की उठायचे. सहा वर्षं मी रोज दोन वेळा अशी वाकत होते, आणि आता कुणीतरी माझ्यापुढे वाकत होतं. मी कुणाच्या पलंगावर जाऊन पडले होते की काय? घरी येऊन मी आरशात पाहिलं. तोंड ओढलेलं, डोळ्यांखाली काळं. काकांनी फसवलं याचा राग नव्हता मला. त्यांना ते करावंसं वाटावं इतकी मी केविलवाणी दिसत होते, याचा होता.

मी ठरवलं, पुढच्या रविवारी काहीही झालं तरी एकदा, फक्त एकदा, बाकीचे बसलेले असताना पोचायचं.

तो जानेवारीचा शेवट होता. मेढ्याच्या पुढे केळधार म्हणून एक लांबच लांब डोंगर आहे, निदान आमच्यात त्याला तसं म्हणत. पहाटेचा गारठा, वाळलेलं गवत, आणि नऊ वाजता डोक्यावर येणारं ऊन. टेम्पोतून उतरल्या उतरल्या वाईकर सरांनी मोजलं, चौदा. फळ्यावरच्याप्रमाणे सामान वाटून घेतलं आणि निघालो.

पहिला टप्पा मी दात ओठ खाऊन चढले. भोईटे काका मागे होते. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा मागे पडत होते, हे मला दिसलं होतं. मला वाटलं, नवीन युक्ती. खडे पुरेनात, आता सावकाश चालून मला सावकाश चालवतायत.

दुसऱ्या चढाच्या मध्यावर ते म्हणाले, "ताई, थांबा जरा. खडा गेलाय."

मी वळले. आता आठवलं तरी नकोसं होतं, पण जे बोलले ते बोलले. "काका, माझ्यासाठी खडे काढत बसू नका. मला सगळं माहितीय. माझी कीव करायला मी काही आजारी नाही."

काका दगडावर बसायला वाकले होते, ते तसेच सरळ झाले. मफलर काढून त्यांनी तोंड पुसलं. हसले.

"बरं," म्हणाले. "चला मग."

आम्ही चाललो. माझ्या अंगात कुठून बळ आलं होतं कोण जाणे. रागाचंच असणार. वरून बोलण्याचे आवाज यायला लागले, वळणाच्या पलीकडे सगळे बसले असावेत. आणखी शंभर-दीडशे पावलं.

"ताई," काका मागून म्हणाले. "बसू या जरा."

एवढंच. खडा नाही, पक्षी नाही, पिशवी नाही. गेली चौदा वर्षं मी हे तीन शब्द कानात घेऊन फिरतेय. मंडळातल्या बारक्या पोरालासुद्धा ठाऊक होतं की काका थांबतात तेव्हा काहीतरी सबब सांगतात. त्या वेळी त्यांनी सांगितली नाही. सहा वर्षं माणसाचा श्वास ऐकण्यात घालवलेली मी, मला तो ऐकू यायला हवा होता. पण मी फक्त वरचे आवाज ऐकत होते.

"तुम्ही बसा सावकाश," मी म्हटलं. "मी होते पुढे."

त्यांनी हात हलवला. जा, असा.

मी वळण चढून गेले तेव्हा सगळे बसलेले होते. पद्मानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी सरकून मला सावलीत जागा करून दिली, कुणीतरी सोललेलं संत्रं हातात ठेवलं. मी पाय पसरून बसले आणि एकेक फोड खाल्ली. इतकं गोड संत्रं मी त्याआधी खाल्लं नव्हतं. वाऱ्याची झुळूक येत होती, खाली दरी उन्हात निळसर दिसत होती, आणि कुणीही मला उठ म्हणत नव्हतं. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही, त्या पंधरा-वीस मिनिटांत मला फार बरं वाटलं.

वाईकर सरांनी मोजलं. तेरा. "शेपूट कुठंय?"

"येतायत," मी म्हटलं. "बुटात खडा गेलाय त्यांच्या."

सगळे खो खो हसले. सरसुद्धा हसले, आणि पुन्हा खाली बसले. आमच्यात चुकणार तर असंच चुकणार होतं. मागचा कुणी चुकला का हे बघायला शेपूट होतं. शेपूट चुकलं तर बघायला मागे कुणी नव्हतं, आणि ते कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. इतर कुठल्या मंडळात एखादा वीस मिनिटं दिसला नाही तर माणसं उठून गेली असती. आम्ही बसून त्याच्या बुटांवर विनोद करत होतो.

संत्रं संपलं. सालं कागदात गुंडाळताना माझं लक्ष माझ्याच चपलांकडे गेलं, म्हणजे बुटांकडे, आणि एकाएकी मला आमची ओसरी आठवली. शेवटच्या महिन्यातली एक सकाळ. अण्णा वॉकर धरून उभे होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "इंदे, आज तुझी चप्पल निसटली नाही का गं?" मी दचकून वर पाहिलं तर ते भिंतीकडे बघत होते. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या सकाळी त्यांच्यात माझी चप्पल निसटायची वाट बघण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

मी उठले आणि खाली पळाले. आजवर मी उतारावर कधी पळाले नव्हते. मागून सर ओरडून काहीतरी विचारत होते.

मी त्यांना सोडून गेले होते तिथंच काका होते. एका दगडाला पाठ लावून खाली बसलेले. शिटी गळ्यात होती, पण शिटी वाजवायलाही दम लागतो. एवढ्या गारव्यात त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ पांढरे पडले होते आणि उजव्या हातानं त्यांनी डावा दंड घट्ट धरला होता. एक बूट काढलेला होता. मला बघून त्यांनी तो हातात घ्यायचा प्रयत्न केला.

"खडा," ते म्हणाले. मध्ये दोन श्वास गेले. "खडा सापडंना बघा, ताई."

मी काय करायला हवं होतं मला माहीत होतं. पाय धरून रडायला हवं होतं. पण तसं केलं असतं तर त्यांना माझी समजूत घालावी लागली असती, आणि तेवढा श्वास त्यांच्याकडे नव्हता. मी खाली बसले. तो बूट मांडीवर घेतला.

"असू दे," मी म्हटलं. "तुम्ही टेका. मी शोधते."

एका हातानं त्यांची मान माझ्या खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं त्या रिकाम्या बुटात चाचपत राहिले. कान त्यांच्या श्वासावर. सर आणि बाकीचे येईपर्यंत मी खडा शोधत होते.

त्यापुढचं सगळं वाईकर सरांनी केलं, आणि त्यांच्या शिस्तीला मी पुन्हा कधी हसले नाही. दोन काठ्यांना चादरी बांधून झोळी केली, आळीपाळीनं चौघं चौघं खांदा देत होते. मी शेवटपर्यंत बाजूनं चालले आणि झोळी हिंदकळली की श्वास मोजला. खाली यायला अडीच तास लागले. साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, वाचतील, पण हृदयाचा बराच भाग कामातून गेलाय. अर्धा-पाऊण तास आधी उतरवायला घेतलं असतं तर इतकं झालं नसतं, असंही ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून म्हणाले नव्हते. तिथल्या सगळ्यांत ते मला एकटीलाच ऐकू आलं असं मला वाटत राहिलं.

डोंगर बंद. काकू म्हणाल्या, डोंगर कसला, घरातला जिनापण न्हाई चढायचा म्हणालेत.

चौथ्या दिवशी त्यांना साध्या खोलीत हलवलं. मंडळातले सातआठ जण कॉटभोवती उभे होतो. वाईकर सर काकांना विचारण्याआधी दहादा अडखळले असतील, पण विचारणं त्यांना भाग होतं. नियम मोडला होता आणि तो कसा मोडला हे मंडळाला कळायला हवं होतं. शेपूट एकटं कसं राहिलं? बरोबरचं माणूस पुढे कसं आलं?

मी तोंड उघडलं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच म्हणलं त्यास्नी फुडं जावा म्हणून. त्या न्हाई म्हणत हुत्या. मीच आग्रह केला. माजी चूक हाय, सर."

सरांनी मान हलवली. पद्मानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही, हे खोटं मी आजपर्यंत तसंच राहू दिलंय.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेले. मनात वाक्य पाठ करून गेले होते. काका पडवीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर घोंगडी. शुक्रवार होता. सरांच्या ओट्यावर फळा मांडला गेला असेल, ते त्यांच्या ध्यानात होतंच, कारण तेच त्यांनी पहिलं विचारलं. या रविवारी कुठं? मी सांगितलं. त्यांनी तिथल्या पाण्याची जागा, घसरणीची जागा सगळं नीट सांगितलं. बोलताना डोळे पाणावले, तसं घोंगडीच्या टोकानं पुसले. काकू चहा ठेवून आत गेल्या.

मग मी म्हटलं. पाठ केलेलं काही आलं नाही. म्हटलं, काका, तुम्ही बसू या म्हणाला होतात. मी ऐकलं आणि गेले. तुमचे रविवार मी घालवले.

ते नाही म्हणाले नाहीत. तसं काही नाही ताई, असंही म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. मग खुर्चीच्या मागे हात घालून त्यांनी ती खाकी पिशवी ओढून पुढे घेतली आणि माझ्या पायांशी ठेवली.

"ही घिऊन जावा. शेपूट आता तुमी."

मला वाटलं त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मी म्हटलं, मी? तुम्हाला सोडून गेलेली मी? मंडळात एवढे चांगले लोक आहेत, कुणालाही द्या.

"त्यास्नी ही चूक अजून करायची हाय," काका म्हणाले. "तुमची करून झालीया."

पिशवी मी घरी आणली आणि आठ दिवस तशीच ठेवली. शेवटी उघडली. औषधं, दोरीचा तुकडा, गुळाचा डबा. बाजूच्या कप्प्यात तंबाखूची एक जुनी डबी होती. काका तंबाखू खात नसत. डबीत सात खडे होते, गुळगुळीत, नदीतले, डोंगरावर असले खडे मिळत नाहीत. नदीकाठच्या वाळूतून एकेक निवडून आणलेले असणार. दर वेळी बूट आपटून, चाचपून, यातलाच एखादा ते चिमटीत धरून दाखवत असत आणि दाखवून झाला की परत खिशात टाकत असत. नुसतं सांगून भागलं असतं, पण दमलेल्या माणसाला दाखवायला काहीतरी खरं असावं, असं त्यांना वाटलं असावं. डबी हातात धरून मी खुर्चीत बसले आणि अण्णा गेल्यापासून साठलेलं सगळं रडले.

काका आणखी तीन वर्षं होते. दर सोमवारी ऑफिसातून परस्पर त्यांच्या पडवीत जायचे आणि आदल्या दिवशी मागे कोण होतं, किती वेळा बसलं, ते सांगायचे. ते ऐकायचे आणि कुठं बसवायला हवं होतं ते सांगायचे. एका मार्चमध्ये गेले.

आता मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. पद्मा मुलीकडे राहायला गेली. वाईकर सर फळ्यावर अजून लिहितात, गुडघ्यांमुळे चढत मात्र नाहीत. सगळ्यात खाली 'शेपूट: साबळे' असतं. माझ्या बुटात खडे जातात. चप्पल निसटायची तशीच सवय आहे ती, सुटत नाही. कुणी ओळखलं तरी मी दाखवायचा तो खडा दाखवते.

मागच्या रविवारी माझ्याबरोबर एक नवे गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले, पहिलीच खेप. दोनदा माझ्या बुटात खडा गेला तेव्हा ते माझ्याकडे जरा संशयानं बघायला लागले होते. वर मंडळी बसल्याचे आवाज ऐकू यायला लागले. तेवढ्यात माझे पाय खरंच थांबले. वयाचं असेल, उन्हाचं असेल, छातीत काही नव्हतं, नुसती थकले होते. मी म्हटलं, बसू या जरा.

ते हसले. त्यांच्या कानावर गेलंच असणार. म्हणाले, "तुम्ही बसा निवांत, मॅडम. मी होतो पुढे."

"नाही," मी म्हटलं. "खडा नाही गेलेला. मी दमलेय."

त्यांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पाठीवरची पिशवी काढून खाली ठेवली आणि माझ्याशेजारी बसले.